खळ सुकण्याआधी

लिंबागणेश
मार्गशीर्ष वद्य तृतीया, फसली १३३४

साखराआक्कांना सटवाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पत्राला उशीर झाला, माफी करा. महिना-पंधरा दिवसांचा उशीर असता तर शाई वाळली, टपालवाला चुकला, असं काहीतरी लिहिलं असतं. बारा वर्षांच्या उशिराला काय कारण लिहावं हे पंतोजींनी मला शिकवलं नाही. त्यांच्याकडे मी दोनच पावसाळे गेलो. नंतर बापाने मागाच्या खड्ड्यात बसवलं, तो अजून तिथेच बसलोय. अक्षर समजून घ्या.

आधी शाळेच्या गुरुजींना एक विनंती. गुरुजी, हे पत्र तुम्हीच आक्कांना वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. ओसरीवर माणसं बसली असतील तर त्यांना उठवा. पुढचा मजकूर बायकांचा आहे. मला लिहायला अवघड जातंय, तुम्हाला वाचायला जाईल. पण काही गाळू नका.

आक्का, तुमची धाकटी बहीण बायडा बरी नाही. दसऱ्यापासून तिला काहीतरी होतंय. बसल्या बसल्या पोटातून आग निघते, छातीवर येते, मानेवर येते, कानापर्यंत चढते. तोंड असं लाल होतं, जसं काही भट्टीपुढून उठून आली. मग घामाचे ओघळ. चोळी भिजते, कपाळावरचं कुंकू नाकावर येतं. थोड्या वेळाने सगळं उतरतं, आणि मग तीच बाई थंडीने कुडकुडते. ताप म्हणावा तर कपाळाला हात लावल्यावर ताप नसतो. पहिल्या वेळी मी हिवताप समजून दोन घोंगड्या अंगावर टाकल्या, तर त्या तिने लाथेने उडवल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने घोंगडीला पाय लावला नव्हता.

वर्षभर तिचं बाजूला बसणंही नेमाचं राहिलेलं नाही. कधी पंधरा दिवसांनी, कधी तीन-तीन महिने नाही. (गुरुजी, पुढे चला.)

आता माझी अडचण ऐका. इथल्या देशमुखांच्या मुलीचं लग्न माघात आहे. बैठकीसाठी त्यांनी पाच घोंगड्या सांगितल्यात, वसंतपंचमीच्या आत. दोन झाल्या. आमचं काम तुम्ही पाहिलेलं आहे. दिवस उगवायच्या वेळी अंगणात उभ्या दोऱ्यांचा ताणा ओढायचा, चिंचोक्याची खळ शिजवायची, आणि ती गरम असतानाच नवराबायकोने दोन टोकांनी कुंचा मारत मधे यायचं. एकाने हात थांबवला की खळ तिथल्या तिथे सुकते, लोकर कडक होते आणि मागावर दोरा तटातट तुटतो. हे दोघांचंच काम आहे, तिसऱ्याचा हात त्याला चालत नाही.

परवा ती मधूनच कुंचा टाकून मेंढरांच्या पाण्याच्या हौदाकडे गेली आणि डोकं बुडवून बसली. मार्गशीर्षातलं पाणी!

मी ओरडलो, "बायडे, खळ वाळायली!"

"वाळू द्या. मी जळायले, ते दिसंना का तुमाला?"

"थंडीत कुणाला उकडतं का? कामाचा कंटाळा आला म्हण की!"

ती आली, स्वतःचा कुंचा माझ्या दुसऱ्या हातात दिला आणि घरात गेली. मी दोन हातांत दोन कुंचे घेऊन अंगणात उभा. शेजारची कडूबाई भिंतीवरून बघत होती. सगळा ताणा वाया गेला.

असं तीन वेळा झालं आहे. काल ती म्हणाली, "आक्काला असंच व्हायचं. तवा तुमी काय केलतं, ते आठवा." मी म्हणालो, आठवत नाही.

तर आक्का, तुम्हाला तेव्हा असंच होत होतं का? कोणतं औषध घेतलंत? किती दिवस चाललं? पंचमीच्या आत उतरेल का? तेवढं कळवा. बाकी सर्व ठीक.

तुमचा,
सटवा


लिंबागणेश
पौष शुद्ध दशमी

साखराआक्कांना नमस्कार.

बावीस दिवस झाले. उत्तर नाही. टपाल बीडला जातं, तिथून फिरून येतं, हे धरूनसुद्धा बावीस दिवस पुष्कळ झाले. माझ्या चुकीबद्दल राग असेल तर तो माझ्यावर काढा. बहीण तर तुमचीच आहे.

इथे जो येतो तो वैद्य झाला आहे. एक म्हणतो धण्याचं पाणी द्या. एक म्हणतो सब्जा भिजवा. एक म्हणतो वांगं बंद करा. वांगं बंद केलं, तर ती माझ्याकडे अशी बघते जसं काही मी तिचं माहेर बंद केलं. लोकरीचा व्यापारी आश्रुबा अंबाजोगाईला जातो. त्याने तिथल्या हकीमाला विचारून गुलकंद आणला. तो तिने नातवंडासारखा मांडीवर घेऊन एका दुपारी संपवला. उकाडा तसाच.

आता तिला लोकर सोसत नाही. हाताला घाम सुटतो, सूत गुठळ्या धरतं. सूत कातायची चाती कोपऱ्यात फेकली आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या मागावर तिच्या हातचं सूत चढत आलं. तिचं सूत मी डोळे मिटून ओळखतो, तीन बोटांवर एक गाठ नाही. आता मी घरोघर सूत मागत फिरतो आणि मिळतं ते असं, जसं काही शेळीने चावून टाकलं. तिसरी घोंगडी कशीबशी उतरवली. चौथी मागावर अर्धी आहे. देशमुखांचा कारभारी दोनदा येऊन गेला.

"सटवा, पंचमी जवळ आली बरं का. का लग्नात पाव्हणे जमिनीवर बसवायचे?"

मी त्याला काय सांगू? बायकोला उकडतंय म्हणून घोंगडी अडली, हे कोणत्या तोंडाने सांगू?

आणि ती माझ्याशी बोलत नाही. मार्गशीर्षातल्या अवसेपासून एक शब्द नाही. भाकरी वाढते, पण ताटाकडे बघून. बोलायचं असलं की कडूबाईला सांगते, आणि कडूबाई भिंतीपलीकडून मला सांगते. "सटूभाऊ, त्या म्हनतेत, मीठ संपलं." ती चार हातांवर उभी असते, आणि मला मीठ संपल्याचं भिंतीकडून कळतं. निजायला मेंढरांच्या वाडग्यात जाते. पौषात. उघड्यावर. ओला पदर मानेभोवती घेऊन. लोक बघतात.

रागावण्यासारखं मी काही केलेलं नाही. थोडा उपचार केला. तसा उपचार घरोघर करतात.

आक्का, निदान एवढं सांगा, हे किती दिवस चालतं? मला रात्रंदिवस त्याचीच काळजी लागली आहे. घोंगड्यांची नाही. बरं, घोंगड्यांचीही आहे.

सटवा


लिंबागणेश
पौष वद्य नवमी

साखराआक्कांना दंडवत.

तुमचा निरोप पोचला. आश्रुबा तुमच्या सिरसाळ्याच्या बाजारातून काल आला. मी माग सोडून वर आलो आणि विचारलं, "काय म्हणाल्या?"

आश्रुबा आधी पाणी प्यायला, मग त्याने तंबाखू मळली. मग म्हणाला, "आक्का म्हनल्या, दाजीला लिवता येतंय ना, मंग खरं लिव म्हनावं. अर्धंच लिवून औषध मागतो का बे!"

"बे म्हणाल्या?"

"न्हाई, बे मी घातलं. पर त्यांच्या तोंडावर व्हतं."

मला राग आला. चूल विझली तरी माझा राग विझला नाही. एक बाई आजारी आहे, दुसरीने औषधाचं नाव सांगायचं, त्यात खरं-खोटं कसलं? आज सकाळपासून चौथ्या घोंगडीवर बसलो होतो. सतरा वेळा दोरा तुटला. अठराव्यांदा तुटला तेव्हा कागद घेतला. आता लिहितो. गुरुजी, आज ओसरीवर माणसं असली तरी असू द्या.

बारा वर्षांमागे तुमचे मालक वारले आणि त्या साली तुम्ही आमच्याकडे राहिलात. सहा महिने झाले असतील. तुम्हालाही तेव्हा असाच उकाडा व्हायचा. दुपारी उंबऱ्यावर बसून पदर डोक्यावरून खाली घ्यायचात, ओला करून मानेवर धरायचात. मला ते दिसत होतं. मी बायडाला बोललोही होतो. त्या दिवशी माझे भाऊबंद सोयरीक ठरवायला आले होते. त्यांच्यातल्या एकाने तुमच्याकडे बघून खाकरलं. मला वाटलं, आता हे गावभर बोलतील. त्यांनी बोलायच्या आधी मीच बोललो. बैठकीत, सगळ्यांच्या देखत म्हणालो, रांडमुंड बाई पुरुषांपुढे डोकं उघडं टाकून बसते, तिला घर कशाला पाहिजे. हे शब्द मला चांगले आठवतात. आठवत नाही म्हणालो ते खोटं.

त्याच दुपारी मी गाडी जुंपली. चैत्र होता. तुम्ही गाडीत बसलात. तोंड लालबुंद झालेलं होतं. तुम्ही म्हणालात, "दाजी, एक तांब्या पाणी द्या." मी म्हणालो, उशीर होतोय, वाटेत नदी आहे. नदीला चैत्रात पाणी नसतं, हे मला माहीत होतं. बायडा तांब्या घेऊन गाडीमागे धावली. मी बैल हाकलले. परत वळून बघितलं तेव्हा ती तांब्या हातात धरून वाटेत उभी होती. बारा वर्षांत तिने त्यावर एक शब्द काढला नाही. मला वाटलं, विसरली.

आता दुसरं.

कडूबाई म्हणाली होती, "हे दुखणं न्हवं सटूभाऊ. वारं हाय. बाईला दुसरंच कुणी धरलंय." मी आधी मानलं नाही. तिसरा ताणा वाया गेला तेव्हा मानलं. अवसेला धुळाजी भगताला बोलावलं. त्याने बायडाला अंगणात बसवलं, पुढे निखाऱ्यांवर मिरच्या आणि लिंबाचा पाला टाकला, आणि म्हणाला, वरून घोंगडं धरा, नवं, पाणी न लागलेलं. घरात नवं घोंगडं एकच होतं, त्याच दिवशी मागावरून उतरवलेलं तिसरं. चार कोपरे चार जणांनी धरले. एक कोपरा माझ्या हातात होता.

आतून ती ओरडत होती. "अवं, काढा! जीव चालला माझा. तुमच्या पाया पडते, काढा!"

धुळाजी म्हणाला, "सोडू न्हको. आता ते बोलायलंय, बाई न्हाई."

आणि मी कोपरा आणखी खाली दाबला. आक्का, बत्तीस वर्षं जिचा आवाज ऐकला, तो तिचाच आहे का दुसऱ्या कुणाचा, हे मी भगताला विचारून ठरवलं. आवाज थांबला तेव्हा धुळाजी खूश झाला, म्हणाला, गेलं. घोंगडं काढलं तर ती आडवी पडली होती. कडूबाईने घागर ओतली तेव्हा तिने डोळे उघडले. आधी माझ्या हाताकडे बघितलं. घोंगडीचा कोपरा अजून माझ्या मुठीत होता.

ते घोंगडं मी चार वेळा धुतलं. मिरचीचा वास जात नाही. देशमुखांना देता येत नाही, घरात ठेवता येत नाही. वळचणीला टांगलंय, येता-जाता डोळ्यांपुढे येतं.

हे खरं. अजून काही खरं असेल तर ते बायडाला ठाऊक. आता तरी सांगा, काय करू?

सटवा


लिंबागणेश
माघ शुद्ध दशमी

साखराआक्कांना सटवाचा दंडवत.

हे पत्र टपालाने नाही, आश्रुबाच्या हातून पाठवतोय. वेळ थोडा आहे. तो तुमच्या दारात उभा राहील, उत्तर घेऊनच निघेल. त्याला तंबाखू देऊ नका, मग तो उठत नाही.

तुम्ही मागच्या पत्राला फक्त एवढंच कळवलंत, की औषध नाही, अंगाला गारवा पाहिजे आणि मनाला त्रास नको. दुसऱ्या गोष्टीला माझ्याकडे उपाय नव्हता, म्हणून पहिलीवर विचार केला. विचार करून एक खुळेपणा केला, तो सांगतो.

देशमुखांच्या दोनच घोंगड्या गेल्या. कारभारी तोंडाला यायचं ते बोलून गेला. चौथी अर्धी होती ती मी मागावरून कापून काढली आणि बाजारातून कापसाचं सूत आणलं. आमच्या घराण्यात मागाला कधी कापूस लागलेला नाही. विकणारा कोष्टी हसला. गल्लीतला आप्पाराव तर दारात येऊन बसला.

"काय बे सटवा, धनगराच्या मागावर सूत? म्हातारपनी लुगडी इणतो का?"

"चादर विणतो."

"कुनाला?"

"बायकोला."

तो म्हणाला, "तुला बी उकडायलं का काय?" सगळे हसले. मी हसलो नाही, खड्ड्यातून वरही आलो नाही. कापसाचा दोरा माझ्या हाताला कळतच नव्हता. लोकर ओढली की ती उलटी ओढते, तिला जीव आहे. कापूस गप्प राहतो आणि एकदम तुटतो. सहा दिवस लागले. कडा वाकड्या, मधे दोन भोकं.

पण त्याहून मोठी चूक दुसरीच केली. सवयीने चिंचोक्याची खळ शिजवली, लोकरीला लागते तेवढीच घट्ट, आणि एकट्यानेच दोन्ही टोकांना धावून सुताला मारली. चादर उतरली ती अशी, की भिंतीला लावून उभी केली तर उभी राहिली. दुमडायला गेलो तर कडकड वाजली. तरी तशीच उचलून वाडग्यात नेली आणि बायडापुढे ठेवली. खरं सांगायचं तर ठेवली नाही, उभी केली.

तिने बोटाने टकटक करून बघितलं. मग म्हणाली, "हे पांघरायचं हाय, का दाराला लावायचं?"

सव्वा महिन्याने पहिला शब्द, आणि भिंतीतून नाही. तिने ती चादर हौदात बुडवली, दगडावर आपटली, पुन्हा बुडवली. सगळी खळ निघून पाणी पांढरट झालं. पिळून खांद्यावर टाकली. तेवढ्यात तिला उकाडा आलाच. मानेवर लाली चढताना मी जवळ उभा राहून पहिल्यांदाच नीट बघितली. ती डोळे मिटून, ओली चादर डोक्यावरून घेऊन बसली. मी काही केलं नाही. समोर बसून राहिलो. लाली उतरली. ती कुडकुडायला लागली तेव्हा तिने ओली चादर बाजूला केली आणि वाडग्यातलं जुनं घोंगडं स्वतःच्या हाताने ओढून घेतलं.

"बरं वाटलं का?" मी विचारलं.

"वीण ढिली पडलीय," ती म्हणाली. मग चादरीतली भोकं बोटाने चाचपत, "आक्काला लिवा. इचारा, हे सरतं का. लोकं मला काई बी सांगायलेत. आक्का खरं सांगंल."

मला वाटलं, आता सगळं मिटलं. माझा हा स्वभावच आहे. मी म्हणालो, "मग आता घरात ये निजायला."

ती म्हणाली, "पुनवंला मी आक्काकडं जाणार हाय. ते ठरलंय."

"किती दिवसांसाठी?"

"आक्का ठेवंल तितके."

"आणि परत?"

"ते मला न्हाई, आक्काला इचारा. बारा वर्सं झाली, तिला कुनी इचारलं का?"

म्हणून विचारतोय. आक्का, घर तुमचं, बहीण तुमची. ती तुमच्याकडे कायमची राहिली तरी मला तोंड उघडायला जागा नाही, हे मला कळतं. पण मला भीती वाटते. रिकाम्या घरात माग चालत नाही. खळ दोघांनी मारायची असते, आणि मी एकट्याने मारलेली कशी होते ते आताच लिहिलं.

गाडी मीच हाकणार आहे. मला तुमच्या दारात येऊ देणार नसाल तर वेशीवर सोडीन आणि तिथूनच बैल वळवीन. गाडीत पाण्याच्या दोन घागरी बांधल्यात. नद्यांचा भरवसा धरलेला नाही. सोबत त्यानंतर विणलेली दुसरी कापसाची चादर तुमच्यासाठी आश्रुबाकडे दिली आहे. तुमचा उकाडा कधीच सरला असेल, तर ती बायडा आल्यावर तिला द्या. एकीला दोन लागतात, एक भिजलेली आणि एक वाळत असलेली. हिला मी खळ लावलेली नाही. भोकं मात्र आहेत.

गुरुजी, उत्तर तुम्हीच लिहाल. आक्का जसं बोलतील तसंच लिहा. माझ्यासाठी शब्द गोड करू नका. त्यांनी शिवी दिली तर शिवी लिहा.

आक्का, पुनवेला पाचच दिवस आहेत. बायडा रोज आश्रुबाच्या वाटेकडे बघते, मी तिच्याकडे बघतो. हे सरतं का, तेवढं तिला कळवा. आणि सरल्यावर ती इकडे यायची का, ते मला. लवकर कळवा.

सटवा